मोडीत आलेले देव

विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आज सकाळपासून गोधड्या वाळत पडल्यात. खालच्या मजल्यावरच्यांनी दसरा काढलाय. भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या सांगली-साताऱ्याकडे घरोघर हेच चालतं. घट बसायच्या आत घरातलं झाडून सगळं धुवायचं : डबे, फडताळं, पांघरुणं आणि देव. वॉशिंग मशीनमध्ये गोधडी मावत नाही, आणि मावली तरी आमच्या बायकांचं समाधान होत नाही. ओल्या गोधडीला साबणाचा, जुन्या लुगड्यांचा आणि उन्हाचा मिळून एक वास येतो. गेली वीसेक वर्षं तो वास नाकात शिरला की माझ्या पायाला भिंगरी लागायची. मी पर्स उचलायची आणि कराडची एसटी गाठायची.

आज मी गच्चीच्या दारातच उभी राहिले. तो वास आला, पण पर्स उचलावीशी वाटली नाही.

सांगते. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. स्वभावाने तापट, हे आधीच कबूल करते, नाहीतर आमचे हे सांगतीलच. मला वेड जुन्या धातूच्या बारक्या वस्तूंचं. नाव कोरलेल्या मुद्रेच्या अंगठ्या, तिरंदाजाने अंगठ्यात घालायची जाड कडी, शिपायांच्या पट्ट्यावरचे झिजलेले पितळी बिल्ले. तळहातावर मावेल तेवढंच घ्यायचं, हा माझा नियम. तोफा आणि तलवारी पुरुषांनी गोळा कराव्यात. त्यांना भिंती लागतात.

आणि टाक. टाक म्हणजे देव्हाऱ्यातला चांदीचा छोटा पत्रा, त्यावर देवाचा ठसा उठवलेला. कुणाचा खंडोबा, कुणाची भवानी. ज्या घरातला पूर्वज लढाईत पडला, त्या घरात त्याचाही टाक असतो, घोड्यावर बसलेला, हातात भाला. त्याला वीर म्हणतात. शेकडो वर्षं रोज पाणी, रोज गंध, रोज अंगठ्याने पुसणं. टाकाचा चेहरा झिजून सपाट होतो. मग घरातला कर्ता माणूस तो सोनाराकडे नेतो आणि आटवून त्याच चांदीचा नवा करून आणतो.

हे कधी करायचं? तर पितृपंधरवड्यात. या पंधरा दिवसांत सोनं घ्यायला कुत्रं फिरकत नाही, त्यामुळे सोनाराचे हात मोकळे असतात, आणि घटस्थापनेला नवा देव घरात हवा असतो. म्हणून हा पंधरवडा म्हणजे माझी सुगी. लोक पितरांना जेवू घालायचे तेव्हा मी कराडच्या आप्पा सोनाराच्या बाकड्यावर बसून त्याच्याकडे मोडीत आलेले देव भिंगातून बघत असायची. आवडला एखादा, की तेवढ्याच वजनाची चांदी आप्पाच्या तराजूत टाकायची, वर त्याच्या चहापाण्याचं बघायचं आणि टाक कापसात गुंडाळून घरी. मूस पेटलेली असायची. मला वाटायचं, मी आगीतून लेकरं काढतेय! असा ऊर भरून यायचा म्हणून सांगू.

वीराची एक गोष्ट मला कालच्यासारखी आठवते. दहा वर्षं झाली. एक उंच म्हातारा आला, मिशीला पीळ, पाठ अशी ताठ की माणूस लष्करातून आलाय हे आंधळ्यालाही कळावं. खिशातून खणात बांधलेला टाक काढला, आप्पाच्या काउंटरवर ठेवला, कुंकू लावलं आणि टाकाकडे वाकून हळूच म्हणाला, "चला. नव्या अंगात या आता." आप्पा म्हणाला, आठ दिवसांनी या. म्हातारा गेला. जाताना दोनदा वळून बघितलं त्याने.

मी ते ऐकलं होतं. हेच मला आता सहन होत नाही. मी ऐकलं, मला ते गोड वाटलं, घरी जाऊन यांना सांगितलंसुद्धा, "अहो, लोक किती छान बोलतात हो देवाशी!" आणि ज्या टाकाशी तो बोलला तो माझ्या पर्समध्ये होता.

काय टाक होता तो! चेहरा पुसट, पण घोडा जिवंत. आणि घोड्याला पाय पाच. मी तीन-तीनदा मोजले. मग मी एक सिद्धान्तच मांडला : पुढचा पाय दोनदा दाखवलाय, म्हणजे घोडा धावतोय, आमच्या कारागिरांना गती दाखवायची दृष्टी होती वगैरे वगैरे. एका परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या. दोन मोठ्या माणसांनी चहाच्या वेळी येऊन हात मिळवला. त्या दिवशी मी हवेत होते.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या कॉलेजने माझ्या संग्रहाचं प्रदर्शन भरवलं. हॉलमध्ये काचेची कपाटं, आत पांढरे दिवे, मखमल, प्रत्येक वस्तूखाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. बाहेर फलकावर पाच पायांच्या घोड्याचा हा मोठा फोटो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. चाळिशी उलटलेली, उन्हाने रापलेल्या, हातात पिशवी, बरोबर वीसेक वर्षांची मुलगी. मुलीचे केस बारीक कापलेले, खांदे मागे. बाई इकडेतिकडे न बघता थेट वीराच्या कपाटापाशी गेल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या.

"ह्यो कुठनं आणला?"

"माझ्या संग्रहातला आहे," म्हणाले, आणि झाले सुरू. गती, दृष्टी, कारागीर. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शिकवणाऱ्या माणसाचा मान ठेवावा म्हणून ऐकतात तसं. मग म्हणाल्या, "न्हाई बाई. ठसा उठवताना सोनाराचा हात हालला हुता. आमच्या घरात समद्यांना म्हाईत हाय."

मुलगी हसली. "आमी ल्हानपणी त्येचं पाय मोजून आकडं शिकलो."

माझे कान तापले. परिषद, टाळ्या, चहा, सगळं एका वाक्यात पाण्यात गेलं. पण ते काहीच नव्हतं. खरा दणका पुढेच होता.

बाईंचं नाव मालन. कडेगावजवळच्या. मुलगी प्रियांका, आमच्याच कॉलेजला होती, दाखला न्यायला आली आणि फलकावर फोटो बघून तिने घरी फोन केला होता, "आई, आपला वीर हितं हाय." मालनताईंना खरं वाटलं नव्हतं. वाटणार कसं?

"पर ह्यो हितं कसा? मामंजींनी ह्यो आटवाय दिल्ता. ह्येची चांदी नव्या वीरात घातली की."

आता ऐका माझं शहाणपण. मी म्हणाले, आणि चांगल्या अभिमानाने म्हणाले, "नाही नाही, मी वाचवला ना! मुशीत जाणारच होता. मी आप्पांना तेवढीच चांदी दिली आणि हा काढून घेतला. नाहीतर आज तुम्हाला बघायलाही मिळाला नसता."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, वीराकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"मग आमच्या देव्हाऱ्यात नऊ वरसं कोण बसलंय?"

मी आयुष्यभर प्रश्नांची उत्तरं दिली. वर्गात साठ-साठ पोरं, कुणी काहीही विचारो, मी कधी गप्प बसले नाही. रसायनशास्त्र सांगतं, चांदी ती चांदी. शुद्धता तीच, वजन तेच, मग बिघडलं कुठे? हे मी त्या बाईंपुढे तोंडाने म्हणू शकले नाही, आणि खरं सांगते, मनातही नीट म्हणू शकले नाही.

मालनताई खुर्चीवर बसल्या. त्यांना घाम फुटला होता. प्रियांकाने पाणी आणलं. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याशी नव्हे, काचेतल्या वीराशी बोलल्यासारख्या. मामंजी म्हणजे तो ताठ म्हातारा. फौजेतून सुभेदार होऊन आलेला. रोज पहाटे देवाला तोच पाणी घालायचा. नवा वीर घरात आला त्या दिवसापासून म्हातारा म्हणायचा, "मालन, ह्यो वळख देत न्हाई गं." घरातले म्हणायचे, मामंजी, चेहरा नवा हाय, पाय चार हायत, सवय न्हाई तुमाला. तो म्हणायचा, "पायाचं न्हाई. हात लावला की कळतं." मग सगळे हसायचे. म्हातारपण, दुसरं काय! नातवंडं चिडवायची, आजोबा, आज वीर बोलला का?

"दोन वरसं झाली जाऊन," मालनताई म्हणाल्या. "शेवटपतुर तेच. वळख देत न्हाई. आन् आमी हसलो. मी सोता हसले हो बाई."

मला भडभडून आलं. रडू नाही, नुसती लाज. अशी लाज मला शाळेत चोरी पकडल्यावरसुद्धा वाटली नव्हती.

"दिवा तरी लावला का कवा ह्येच्याम्होरं?" त्यांनी विचारलं.

कपाटात एलईडी होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मग कळलं की त्या भांडायला आल्याच नव्हत्या. प्रियांकाची सैन्यात निवड झाली होती. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रेनिंगला निघायचं होतं. त्यांच्या घरातून फौजेत जाणारा प्रत्येक जण वीराच्या पायावर डोकं टेकून उंबरा ओलांडतो. आजा गेला, बाप गेला, दोघे चुलते गेले. जाणारी पहिली मुलगी हीच. "तिचा बा बर्फातनं दोनदा माघारी आला," मालनताई म्हणाल्या. "तवा घरात ह्यो हुता. आता पोरीला मी कुणाच्या पाया पाडू, तुमीच सांगा."

मी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि वीर त्यांच्या ओंजळीत ठेवला. म्हणाले, "घेऊन जा. तुमचाच आहे. माझं चुकलं." इतकं सरळ बोलल्यावर मला वाटलं, सुटले. थोडं चांगलंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या म्हणाल्या, "आता कराडला जाऊ. नवा बी घेते बरूबर. दोगास्नी एका मुशीत घालून एक करू."

"काय?"

"एका देव्हाऱ्यात दोन वीर कसं चालतील? आन् ह्येला नव्या अंगात जायाचं हुतं. मामंजींनी सांगून धाडला हुता त्येला."

मग मात्र मी तापले. स्वतःची चूक विसरून तापले. "अहो, तीनशे वर्षांचा आहे तो! असा दुसरा नाही कुठे. नवा आटवा, चार वेळा आटवा, पण हा असाच ठेवा घरात, डबीत ठेवा, बँकेत ठेवा! वितळला की संपला तो."

"तीनशे वरसं आमच्या घरी हुता," मालनताई म्हणाल्या, आवाज न चढवता. "ह्येच्या पोटात आदीचा हाय. त्येच्या पोटात त्येच्या आदीचा. संपला कवाच न्हाई. मदीच तुमी काढून घेतला."

कप्पाळ माझं! मी बावीस वर्षं रूप बघत आले. झीज, ठसा, शैली. त्या घराने कधी रूपाची पर्वाच केली नव्हती. रूप दर दोनतीनशे वर्षांनी खुशाल आगीत टाकलं आणि चांदी तेवढी हातातून हातात दिली. हे मला कुणी पुस्तकात लिहून दाखवलं असतं तर मी तळटीप दिली असती. एका कडेगावच्या बाईने तोंडावर सांगितलं आणि माझ्या सगळ्या चिठ्ठ्या मला पोरखेळ वाटायला लागल्या.

दोन दिवसांनी आम्ही तिघी कराडला गेलो. मी का गेले? मालनताई म्हणाल्या, "तुमी या. तुमच्याम्होरं हुंदे." शिक्षा म्हणून म्हणाल्या की सोबत म्हणून, मला आजवर कळलं नाही.

आप्पा सोनार आता थकलाय. आम्हाला एकत्र बघून त्याला सगळं उमगलं. तो नजर चुकवत म्हणाला, "वैनी, चांदी तेवढीच घातली हुती. गुंज कमी न्हाई." मालनताई म्हणाल्या, "वजनाचं कोण इचारतंय आप्पा?" बस्स, एवढंच.

आप्पाने नवा वीर मुशीत ठेवला, वर जुना ठेवला आणि गॅसची ज्योत सोडली. मी डोळे मिटणार होते. नाही मिटले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडा ओल्या दिसायला लागल्या, भाला वाकला, घोडा मऊ झाला, आणि एकदम, डोळ्याचं पातं लवायच्या आत, तिथे तूप विरघळावं तसा एक चकचकीत थेंब हलत होता. माझ्या तोंडून "अगं आई गं!" एवढं मोठ्याने निघालं की शेजारच्या दुकानातलं माणूस डोकावलं. मालनताईंनी माझा हात धरला. ज्या बाईचं मी घर लुटलं होतं, ती माझा हात धरून उभी होती. माझी अक्कल त्या दिवशी पार बधिर झाली.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या घरी होते. बोलावलं होतं. प्रियांका ट्रॅकसूट घालून तयार, उंबऱ्यापाशी बॅग. तिने नव्या वीराला हात लावला, डोकं टेकलं आणि टेकूनच राहिली. जरा जास्तच वेळ. उठली तेव्हा आईला म्हणाली, "आजोबांना कळलं असतं, न्हाई?" मालनताईंनी तिचा मुका घेतला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मी निघताना मालनताई मला म्हणाल्या, "तुमच्याकडं बाकी लय हायत म्हणं. त्यास्नी बी द्या ज्येचं त्येला."

घरी आल्याआल्या मी नोंदवही उघडली. एकशे बेचाळीस टाक. प्रत्येकाची उंची, रुंदी, वजन, धातू, ठशाची शैली, काळ, आप्पाकडून कुठल्या वर्षी घेतला ते. बावीस वर्षांत एकदाही, एका टाकापुढेही, मी घराचं नाव लिहिलं नव्हतं. तो रकानाच नव्हता. एवढी शिकलेली बाई मी! वही मिटवून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. यांनी विचारलं काय झालं, तर मी यांच्यावरच खेकसले.

म्हणून या वर्षी मी ठरवलं, लोकांनाच विचारायचं. परवा पंधरवडा लागल्यावर स्टीलच्या मोठ्या डब्यात सगळे टाक कापसावर मांडले आणि कराडला आप्पाच्या बाकड्यावर जाऊन बसले. आप्पा तोंड वाकडं करून म्हणाला, "बाई, कशाला?" मी म्हटलं, गप बस. येईल त्याला विचारायची, मागच्या वीस वर्षांत देव नवे केलेत का? यातला कुणी ओळखीचा वाटतो का? दोन बायका भराभर नजर टाकून गेल्या. एक माणूस हसला आणि त्याने फोटो काढला.

मग एक म्हातारे काका आले. खेड्यातले, धोतर, हातात छत्री. बायकोची जोडवी मोठी करून घ्यायला आले होते. मी विचारल्यावर छत्री ठेवून खाली बसले. म्हणाले, व्हय, पंधरा वरसांमागं भवानी नवी केली हितंच. डबा मांडीवर घेतला आणि एकेक टाक उचलून बघायला लागले. उजेडाकडे धरायचे, अंगठा फिरवायचे, ठेवायचे. एकशे बेचाळीस. मी मोजत नव्हते, पण पाऊण तास तरी गेला. सुरुवातीला ते हौसेने बघत होते. शेवटी शेवटी ठेवलेला टाक परत उचलून बघायला लागले.

शेवटचा ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"न्हाई आमची ह्यात. मग आमची कुठं हाय?"

हा माणूस सकाळी घरून निघाला तेव्हा त्याची भवानी त्याच्या देव्हाऱ्यात सुखाने बसलेली होती. पंधरा वर्षांत त्याला एकदाही शंका आली नव्हती. ती मी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. आप्पाने मान खाली घालून जोडवी घासायला घेतली. माझ्यासारखी चार गिऱ्हाइकं त्याच्याकडे यायची, हे मला माहीत होतं. मुंबईला नेणारे होते, परदेशात विकणारे होते. या काकांची भवानी कुठे गेली, नव्या टाकात उतरली की कुणाच्या कापसात गेली, हे आप्पालाही आठवत नसणार.

"तुमची नवीतच आहे काका," मी म्हणाले. "नवीतच उतरली असेल."

"असंल?"

त्यांच्या डोळ्यांत मला मालनताईंचा सासरा दिसला. उरलेली वर्षं रोज पहाटे हा माणूस पाणी घालताना त्या टाकाला हात लावून बघणार, आणि घरातले हसणार.

"हाय," मी म्हणाले. "मी त्या दिवशी इथंच होते. माझ्या डोळ्यांनी बघितलंय तिला मुशीत जाताना."

काकांनी दोन्ही हात जोडले. मला जोडले! मग जोडवी घेतली, छत्री उचलली आणि चालायला लागले. मी डब्याचं झाकण लावलं आणि तो मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी काही विचारलं नाही.